विदर्भातून अंदमानला सहकुटुंब स्कूबा: छोट्या सहलीची आखणी कोणत्या क्रमाने करायची

नेहमीचा क्रम असा दिसतो. आधी विमानाची तिकिटं, मग हॉटेल, मग एजंटने पॅकेजमध्ये ‘फ्री’ म्हणून टाकलेलं स्कूबा शेवटच्या दिवशी, आणि आरोग्याचा फॉर्म थेट बोटीत बसल्यावर. मग कोणाचा कान दुखतो, कोणाचा दमा फॉर्म भरताना आठवतो, आणि चौघांचे पैसे भरून दोघंच पाण्यात उतरतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी माणसं, मग तारखा, मग डायव्हचा दिवस, आणि तिकिटं त्यानंतर.

हे मार्गदर्शन ज्यांनी स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, कधीच केलेलं नाही अशा कुटुंबासाठी आहे. ठिकाण अंदमानचं हॅवलॉक बेट, ज्याचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. लक्षद्वीपला प्रवेश परवाना काढावा लागतो, मालदीवला पासपोर्ट लागतो. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील इथे भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही, म्हणून पहिल्या खेपेला अंदमान सोयीचं.

## टप्पा १: पाण्यात कोण उतरणार ते ठरवा

तिकिटाच्या साइटवर जाण्याआधी घरात बसून यादी करा. नवख्यांच्या डायव्हला पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमाने किमान वय १० वर्षं लागतं. ८ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, पण तो पोहण्याच्या तलावात, जेमतेम दोन मीटर खोलीपर्यंत. सात वर्षांच्या पोराला ‘बघू, सांगू दहाचा आहे’ म्हणून नेऊ नका. आधार कार्ड बघतात, आणि नाही बघितलं तरी लहान मुलाला कानातला दाब सांभाळता येत नाही.

उतरणाऱ्या प्रत्येकासाठी आरोग्याचा प्रश्नावली-फॉर्म असतो. तो आत्ताच मागवून घ्या. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांची सही लागू शकते, आणि ती हॅवलॉकच्या किनाऱ्यावर उभं राहून मिळत नाही. आपल्या भागात या गोष्टी हमखास निघतात:

सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या पट्ट्यात घरोघरी तपासण्या झालेल्या आहेत. कार्ड कपाटात पडलेलं असतं, ते काढून बघा. सिकलसेलचा रुग्ण असेल त्याने डायव्हिंग करू नये. वाहक असेल त्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारून लेखी घ्यावं.

वाहणारा कान. लहानपणी कान वाहत होता, तेल टाकून बरा झाला, असं ज्याच्या बाबतीत घरचे सांगतात, त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्याच. पडद्याला भोक राहिलं असेल तर खोल पाण्यात जाता येत नाही.

दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, बीपी, इन्सुलिनवरचा मधुमेह, छातीचं ऑपरेशन. यातली फिट्सची अडचण तर गोळ्या चालू असल्या तरी सुटत नाही, पाण्याखाली झटका आला तर माणूस हातचा जातो. जुना टीबी बरा झालेला असेल तरी फुफ्फुसावर व्रण राहिलेले असू शकतात, म्हणून छातीचा एक्स-रे घेऊन डॉक्टरांना दाखवा. गर्भवती बाईने डायव्ह करू नये. पाळी चालू असणं मात्र अडचण नाही, हा प्रश्न बायका विचारायला लाजतात म्हणून इथेच सांगून टाकतो.

आणि खर्रा. यावर कोणी बोलत नाही. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. पाण्याखाली हवा घ्यायची नळी दातांत धरून ओठांनी घट्ट मिटावी लागते. साधी चाचणी करा: आपलीच तीन बोटं एकावर एक ठेवून उभी तोंडात घाला. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर नळी अर्धा तास धरून ठेवणं अवघड आहे, आणि तसंही दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवायची वेळ झालेली आहे.

तपासा: उतरणारे, न उतरणारे आणि डॉक्टरांना विचारून ठरवायचे अशा तीन याद्या झाल्या का? तिसरी यादी संपेपर्यंत पुढे सरकू नका.

पोहता न येणं ही नवख्यांच्या डायव्हला आडकाठी नाही. प्रशिक्षक सतत धरून असतो. ‘मले पोवता येत नाही, मंग कसं जमन?’ असं म्हणणारी मावशी मजेत खाली जाऊन येते, आणि विहिरीत सूर मारणारा पुतण्या घाबरून वर येतो, असंही होतं. पाण्याखाली पोहण्यापेक्षा शांत श्वास घेणं जास्त कामाला येतं.

## टप्पा २: महिना ठरवा, शेती आणि शाळा दोन्ही बघून

इथे सर्वांत मोठी चूक होते ती मे महिन्याच्या शेवटाची. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून वाटतं मेअखेर निवांत आहे. पण मोसमी पाऊस देशात सगळ्यांत आधी अंदमानातच पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, फेऱ्या रद्द होतात. दिवाळीची सुट्टीही भरवशाची नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने आहेत.

समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं ते जानेवारी ते एप्रिल. शेतकरी घराला जानेवारी कठीण, कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी चालू असते. फेब्रुवारी-मार्चला हरभरा-गहू आणि घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर बोर्डाची परीक्षा. माझ्या मते शाळकरी मुलं असलेल्या घराला एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा हाच सोयीचा. उन्हाळा तिथेही दमट असतो, पण आपल्या ४५ अंशांतून गेलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. मुलं लहान नसतील आणि हरभरा निघालेला असेल, तर मार्चचा दुसरा पंधरवडा त्याहून चांगला.

## टप्पा ३: दिवस उलटे मोजा, परतीच्या विमानापासून

संपूर्ण आखणीचा कणा हाच. डायव्ह केल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो श्वासावाटे हळूहळू निघतो. त्याआधीच विमानात बसलं, तर केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असल्यामुळे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डायव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डायव्ह किंवा सलग दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमान नको, असा नियम आहे. कुटुंबासाठी सरळ २४ तास धरा. हिशेब सोपा राहतो.

म्हणून मांडणी अशी:

दिवस १: सकाळी पोर्ट ब्लेअरला उतरा, तिथेच मुक्काम.
दिवस २: सकाळच्या बोटीने हॅवलॉक. दुपारी किनाऱ्यावर उथळ पाण्यात मास्क लावून सराव.
दिवस ३: सकाळी डायव्ह.
दिवस ४: राखीव. हवा बिघडली, कोणाचा कान मोकळा झाला नाही, तर आज पुन्हा प्रयत्न. नाहीतर राधानगर किनारा.
दिवस ५: बोटीने परत पोर्ट ब्लेअर, मुक्काम.
दिवस ६: विमान.

यातला चौथा दिवस पैसे वाचवायला कापला जातो. काही कापायचंच असेल तर बेतात घातलेलं नील बेट कापा, हा दिवस ठेवा. आणि पाचव्या दिवशी हॅवलॉकहून येऊन त्याच दिवशी विमान पकडायचा बेत नको, कारण बोट रद्द झाली तर विमानही जातं.

सावधान: विमानातून उतरल्याच्या दिवशी डायव्ह करायला नियमाने मनाई नाही. पण यवतमाळ किंवा वाशिमकडून रात्रभर प्रवास, नागपूर, मग मधे विमान बदलून आलेला माणूस पाणी कमी प्यायलेला आणि अर्धवट झोपलेला असतो. अशा शरीराने खाली जाऊ नये.

## टप्पा ४: तिकिटं, या क्रमाने

नागपूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. कोलकाता, चेन्नई, बंगळुरू किंवा हैदराबादला बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. रेल्वेने हावडा किंवा चेन्नई गाठून पुढे विमान हा मार्ग स्वस्त पडतो, पण मधे एक रात्र ठेवा. गाडी चार तास उशिरा येणं काही नवीन नाही. जहाजाचा विचार छोट्या सहलीला करू नका, एकीकडचेच तीनेक दिवस जातात. साइटवर आणि बोर्डांवर ‘श्री विजयपुरम’ दिसलं तर गोंधळू नका, २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं तेच अधिकृत नाव आहे.

नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका. आपल्याकडे कार्डावर ‘ज्ञानेश्वर’ आणि तिकिटावर ‘माऊली’, किंवा बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हे सर्रास असतं. विमानतळाच्या दारावरच अडवतात. मुलांचीही आधार कार्डं मूळ घ्या, बोटीलाही ओळखपत्र लागतं.

विमान झालं की लगेच बोट. सरकारी बोट स्वस्त, पण जागा मिळणं कठीण. खाजगी बोटी ऑनलाइन मिळतात आणि दीड ते अडीच तासांत पोचवतात. सरकारी आणि खाजगी बोटी वेगवेगळ्या धक्क्यांवरून सुटतात, तिकिटावरचा धक्का वाचून रिक्षा सांगा. तिकिटांचे कागद छापून घ्या, बेटावर नेटवर्क दगा देतं. त्याच कारणाने रोख रक्कमही जवळ ठेवा. हॉटेल सर्वांत शेवटी.

तपासा: सकाळी लवकरचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळी नागपुरात पोचा. रात्रीच्या शेवटच्या एसटीच्या भरवशावर सहा जणांची तिकिटं लावू नका.

## टप्पा ५: डायव्हिंग सेंटर, फोनवर विचारायचे प्रश्न

पॅकेजमधल्या फुकट स्कूबावर माझा विश्वास नाही. खाली किती वेळ, किती खोल, कोणासोबत हे त्यात कोणी सांगत नाही. सेंटरला स्वतः फोन लावा. बहुतेक सगळे हिंदी बोलतात. विचारा:

– एका नवख्यामागे एक प्रशिक्षक आहे का? ‘दोघांमागे एक’ म्हटलं तर दुसरं सेंटर बघा.
– प्रशिक्षकाकडे पॅडी किंवा एसएसआय (तशीच दुसरी संस्था) यांचं प्रमाणपत्र आहे का, त्याचा क्रमांक द्याल का?
– आरोग्याचा फॉर्म आधी पाठवाल का? ‘त्याची गरज नाही’ हे उत्तर आलं की फोन ठेवा.
– बोटीवर किंवा किनाऱ्यावर ऑक्सिजन आहे का, आणि काही झालं तर कुठे नेता?
– उथळ पाण्यात सराव करून घेता का?
– कान मोकळा झाला नाही किंवा हवा बिघडली तर पैशांचं काय?

नवख्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. कोणी जास्त खोलीचं आमिष दाखवत असेल तर ते कौतुकाचं नाही. खर्च माणशी ढोबळ साडेतीन ते सात हजार धरा. किनाऱ्यावरून उतरण्याची डायव्ह स्वस्त, बोटीने जाऊन महाग. पहिल्यांदा किनाऱ्यावरूनच उतरा, पाय टेकतील तिथून सुरुवात होते आणि बोटीची मळमळही नाही. या डायव्हची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे सेंटर सांगेल ती वेळ घ्या.

लहान मूल सोबत असेल तर आई-बाबांनी एकाच वेळी उतरू नये. बुकिंग करतानाच दोन वेगळ्या वेळा मागा.

## टप्पा ६: घरचा सराव

तीन गोष्टी पुरतात.

तोंडाने श्वास. नाक चिमटीत धरून टीव्ही बघताना दहा-पंधरा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या, लांब आणि संथ. पहिल्या दोन मिनिटांत घाबरल्यासारखं होतं, ते घरीच होऊन जाऊ द्या.

कान मोकळा करणं. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच नाकात हवा ढकलायची. कानात टिक असं वाजलं की झालं. जोर लावायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, पण कानाला जास्तीत जास्त फरक पहिल्या काही मीटरमध्येच जाणवतो, म्हणून दुखायच्या आधी, डोकं पाण्याखाली गेल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला हे करत राहायचं. घरातल्या ज्याचा एक कान टिक वाजतच नाही, त्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

पाण्याची सवय. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात तलाव असेल तर मुलांना तिथे चेहरा पाण्यात बुडवून राहायची सवय लावा.

सावधान: सरावाच्या नावाखाली विहिरीत, शेततळ्यात किंवा धरणाच्या पाण्यात श्वास रोखून बसायची पैज लावू देऊ नका. मुलं दरवर्षी अशीच जातात. आणि डायव्हिंगमध्ये श्वास रोखायचाच नसतो, त्यामुळे त्याचा उपयोगही शून्य.

## टप्पा ७: बॅग

अंगाला चिकटणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग, बाई-पुरुष दोघांनाही. त्यावर सेंटरचा वेटसूट येतो, अंग पूर्ण झाकलं जातं, हे घरातल्या मोठ्या बायकांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी नाही म्हणत नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, लोंबती कानातली आदल्या दिवशी काढून खोलीत ठेवा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते सेंटरला विचारा. केसांना तेल नको, पट्टा घसरतो. आणि पुरुषांनी मिशी नाकाच्या अगदी खाली असते तिथे कातरून घ्यावी, भरघोस मिशीवर मास्क बसत नाही आणि सगळा वेळ पाणी आत झिरपतं. मिशी प्राणप्रिय असेल तर स्नॉर्कलिंग, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातच नळीने श्वास घेत खाली बघणं, तेवढंच करा. चिवडा, ठेचा सामानाच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

## टप्पा ८: डायव्हची सकाळ

अंदमानात पाचच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे डायव्ह लवकर सुरू होतात. आदल्या रात्री दारू नको. सकाळी हलकं खा, पाणी भरपूर प्या, खर्रा-तंबाखू बंद. सर्दी असेल तर डायव्ह पुढे ढकला. सर्दीची गोळी घेऊन खाली गेलं आणि खालीच तिचा असर संपला, तर कानात अडकलेली हवा वर येताना कळवळायला लावते. राखीव दिवस याचसाठी आहे.

खुणा नीट पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे ‘मला वर ने’. आपली माणसं खूश होऊन मासे बघत अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो. कान दुखला तर कानाकडे बोट आणि पंजा आडवा हलवायचा.

श्वास एका क्षणासाठीही रोखू नका. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, ती बाहेर पडायला वाट हवी. दीड-दोन मीटरवरून श्वास धरून झटकन वर येण्यानेही इजा होऊ शकते. बाकी काहीही विसरलं तरी चालेल.

प्रवाळाला हात लावू नका. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात घालू नका, विमानतळावर सामान तपासतात आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावर मगरीच्या सूचनेचा फलक असेल तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, शेजारचे लोक उतरलेले असले तरी.

तपासा: खाली जायच्या आधी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं आणि नळी तोंडातून काढून परत लावणं जमलं का? नाही जमलं तर पुन्हा करून द्या म्हणा. मागे रांग असली तरी.

## टप्पा ९: वर आल्यावर

त्या दिवशी ढोर मेहनत नको, दारू नको, पाणी प्या. कानात पाणी राहिल्यासारखं वाटणं एखादा दिवस चालतं. कान ठणकत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि विमानात बसण्याआधी दाखवा.

सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा ही लक्षणं डायव्हनंतर साधारण एका दिवसाच्या आत दिसली, तर ताबडतोब सेंटरला फोन करा आणि ऑक्सिजन मागा. गावी पोचल्यावर असं काही जाणवलं, तर तालुक्याच्या डॉक्टरांना ‘आम्ही समुद्रात डायव्हिंग करून आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर सांधेदुखी बघून चिकनगुनियाचं रक्त तपासायला पाठवतील. यासाठी प्रत्येकाची डायव्हची तारीख, वेळ, खोली आणि किती मिनिटं खाली होते हे सेंटरकडून कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद आधार कार्डांच्या पाकिटातच ठेवा.